चाक उजवीकडे असतं

४ एप्रिल

आत्या,

नमस्कार आधी आणि कामाचं लगेच, कारण वेळ नाही. बाबा हो म्हणाले. आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसायला त्यांनी खरंच परवानगी दिली आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझा अर्ज मला पुरतं सांगायच्या आतच भरून टाकला होता, आणि हॉलतिकीट आलं ते थेट बाबांच्या हातात पडलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एकदा बस. नाही झालं तर चष्मेवाल्यांच्या दुकानात काउंटरला उभं राहायचं, आणि हा विषय या घरात परत निघायचा नाही." चष्मेवाल्यांशी त्यांचं बोलणं आधीच झालेलं आहे. ते लोक जूनपासून ये म्हणतात.

परीक्षा २८ एप्रिलला आहे, तुझ्याच गावात. एक पेपर गणिताचा, एक चित्राचा. गणितात मी काठावर आहे हे तुला ठाऊक आहे, तेव्हा सगळी भिस्त चित्रावर. बाकीची मुलं या परीक्षेसाठी वर्ष-दोन वर्षं क्लास लावतात म्हणे. मला क्लासवाल्यांनी फोनवर हसून दाखवलं. म्हणून तुला लिहिते आहे. फोटो काढून पाठवले असते, पण फोटोत रेघेचा दाब कळत नाही असं तूच मागे म्हणाली होतीस.

तुला पत्र लिहिते आहे हे बाबांना सांगितलं. "ती काय शिकवणार, जन्मभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवत बसली," असं म्हणाले. मग संध्याकाळी न सांगता पोस्टाची पाकिटं आणून टेबलावर ठेवली.

आई विचारते आहे, निळं कापड पोचलं, दोन ब्लाउज आरामात निघतील, बाही किती ठेवू?

तुझी टिचकी


७ एप्रिल

टिचके,

तुझ्या बापाचं बरोबर आहे. इंजिनियर लोक चहाचे डाग पाडून नकाशे द्यायचे, आणि मी त्यावर पातळ कागद ठेवून ते माणसांत आणायची. ट्रेसरचं काम तेच. स्वतःची एक रेघ घालायची नाही आणि दुसऱ्याची एक रेघ गाळायची नाही. सारी नोकरी त्यात गेली, निरोपाला एक घड्याळ मिळालं, ते मागे पळतं. तेव्हा नवीन काही सुचवणं मला जमणार नाही. पण हात कसा तयार करायचा ते मला तुझ्या त्या क्लासवाल्यांपेक्षा जास्त कळतं.

आता नीट ऐक. आमच्या वर्गात एक मुलगी निबंधासाठी फक्त 'माझी सहल' पाठ करून यायची. निबंध 'माझे शेजारी' आला, की ती शेजाऱ्यांना घेऊन सहलीला जायची. 'आवडता प्राणी' आला, की प्राणी सहलीत भेटायचा. दर वर्षी पास. एवढ्या थोड्या दिवसांत तुला शंभर गोष्टी काढता येणार नाहीत. एकच काढ, पण ती अशी काढ की डोळे मिटून हात चालला पाहिजे. या परीक्षेत फिरून फिरून काम करणारं माणूस, नाहीतर घरातली जागा विचारतात. म्हणून घरातला एक कोपरा निवड जिथे कुणी तरी काम करतं. रोज तोच काढ. पेपरात काहीही येऊ दे, ते उचलून त्या कोपऱ्यात नेऊन बसव.

सोबत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी पाठवते आहे. चित्र झालं की कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरायचा आणि मागून बघायचं. समोरून आपल्या चुका आपल्याला सवयीच्या होतात, मागून त्या लगेच दात दाखवतात. पट्टी वापरलीस तर मी तिकडे येऊन ती मोडीन.

बाही कोपराच्या वर, आणि जरा सैल. दंड आता पूर्वीचे राहिले नाहीत.

इकडे घरमालकांनी पुन्हा विषय काढला आहे. वरच्या खोलीचं त्यांना काहीतरी करायचं आहे, म्हणजे मला बाहेर करायचं आहे. या वयात गाठोडं बांधून कुठे फिरू? असो. तू तुझ्या कोपऱ्याचं बघ.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

कोपरा आईचाच घेतला. दुसरं कोण काम करतं इथे? बाबा करतात, पण ते ऑफिसात.

मी दाराजवळ स्टुलावर बसते, आई पाठमोरी मशीनवर. समोर खिडकी, खिडकीत बटणांची बरणी, पडद्याला मधोमध गाठ, म्हणजे उजेड येतो. मशीनचं चाक उजव्या हाताशी. डावी चप्पल ती काढून ठेवते, टाच दुखते म्हणून, त्यामुळे मागून डावी टाच उघडी दिसते. तिच्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. हे सगळं मी जन्मापासून बघते आहे आणि काढायला बसल्यावर कळलं की काहीच बघितलेलं नव्हतं. चाक पहिल्या दिवशी मी चक्क हवेत काढलं.

आईला हे प्रकरण मुळीच पसंत नाही. "काढायचीच तर कंबर तरी थोडी कमी कर," म्हणाली. मी म्हटलं, आत्याने एकही रेघ गाळायची नाही असं सांगितलं आहे. त्यावर ती म्हणाली, "आत्याला सांग, तिचे दंड जसेच्या तसे काढीन हं मीही." मशीनवर चित्रापुरतं जे कापड ठेवलं आहे ते तुझंच निळं आहे, अजून बेतलेलं नाही. तेव्हा तूही चित्रात आहेस असं समज.

तीन चित्रं पाठवते आहे. उलटं धरून बघितलं तर आई एका बाजूला कलंडलेली दिसते. मला वाटतं पाठीचा कणा चुकतो आहे. खरं सांग, हे जमण्यासारखं आहे का? उगाच गोड बोलू नकोस. चष्मेवाल्यांचं दुकान मी काल बाहेरून बघून आले. आत सगळे आरसेच आरसे आहेत, दिवसभर स्वतःचं तोंड बघत उभं राहायचं.

टिचकी


१६ एप्रिल

टिचके,

गोड बोलायची मला सवय नाही, तेव्हा हे खरं समज. टाच चांगली आहे. टाचेवर वजन आहे, त्या बाईचा दिवस किती मोठा आहे ते टाचेवरून कळतं. बाकी कणा चुकला आहे, खुर्ची असती तर पाठ अशी राहिली असती. स्टुलावर बसलेलं माणूस कमरेतून पुढे जातं. पडद्याची गाठ म्हणजे दगड वाटतो आहे. ती कापडाची आहे हे विसरू नकोस.

चित्रं परत पाठवत नाही, माझ्याकडे राहू देत. त्यांच्यावर मला काम करायचं आहे. अजून पाठव, जेवढी होतील तेवढी. आणि मला काही गोष्टी कळव. पुठ्ठ्याची घडी कितीपदरी आहे? बरणीला झाकण आहे का? खिडकीबाहेर काय दिसतं? स्टुलाच्या मागच्या भिंतीला काय आहे? सगळं लिहून पाठव. विचारणाऱ्याला उत्तर देता आलं पाहिजे.

मालकांनी गळणारी मोरी आपण होऊन दुरुस्त करून दिली. देव जाणे काय अंगात आलं. खाली त्यांची मुलगी दिवसभर गाणी लावून डोकं उठवायची, ती हल्ली शांत असते.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

पुठ्ठा चारपदरी, बरणीला झाकण नाही (हरवलं, शोधू नकोस असं आई म्हणते), बाहेर समोरच्या घराचा पाण्याचा पाइप आणि त्यावर एक कबूतर, जे चित्रात मी कधी बसवते आणि कधी उडवते. स्टुलाच्या मागे भिंत नाही, मी आहे.

चित्रांचा गठ्ठा सोबत आहे. कणा सापडला. तू कमरेतून म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी सगळी आईच सरळ झाली, म्हणजे वाकली. आता डोळे मिटूनही हात जातो. आज सकाळी गंमत झाली. आईने झाडताना स्टूल थोडं सरकवलं, तर मी केवढी तरी ओरडले. ती उभीच राहिली. मग स्टूल जागेवर ठेवलं, पुठ्ठा घातला, चप्पल काढली आणि बसली. शिवायचं नव्हतं तरी बसली. मला इतकी लाज वाटली की चित्र नीट आलं नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, आदल्या दिवशी मी आणि बाबा येतो आहोत, तर मी तुझ्याकडे झोपू का? बाबा कुठेही राहतील. सकाळी तुझ्या हातून एकदा कागद उलटा करून घेतला की मला धीर येईल.

दुसरी, ही आईची आहे. ती म्हणते, जागेचं एवढंच झालं असेल तर आत्याला सांग, इकडे ये. मशीन भिंतीकडे सरकवू, खिडकीखाली खाट मावते. आईने टेप घेऊन मोजूनसुद्धा ठेवलं आहे. बाबा ऐकत होते, नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे त्याला हो म्हणतात.

टिचकी


२३ एप्रिल

टिचके,

इकडे येऊ नकोस. खोलीला रंग लावायला काढला आहे, सामान सगळं जिन्यात आहे, वासाने तुझं डोकं धरेल. कॉलेजच्या रस्त्याला स्वच्छ लॉज आहेत, तिथे उतरा. परीक्षेच्या सकाळी नवी माणसं आणि नवी जागा नको, लॉजवर शांत झोप. निकालानंतर भेटूच.

पेन्सिली आधी टोक करून ने. पहिला अर्धा तास पुसायचं नाही. हॉलमध्ये इकडे तिकडे बघू नकोस, कोण आलं, कोण नाही, त्याच्याशी तुला काही करायचं नाही. आपल्या कागदाखेरीज काही बघायचं नाही.

वहिनीला सांग, तिच्या बोलण्याने बरं वाटलं. पण दादाचा स्वभाव मला ठाऊक आहे. गप्प बसणं म्हणजे हो, हे तुमच्या पिढीचं. आमच्या वेळी तो गप्प बसला की महिनाभर गप्प बसायचा. आणि आता तशी वेळ येणार नाही असं दिसतं. मालक बरे वागत आहेत.

चित्रं चांगली आहेत. शेवटच्यात मला काही सांगण्यासारखं सापडलं नाही, उलटं करूनही. हे मी ऑफिसात कुणाला कधी म्हटलेलं नाही.

आत्या


२९ एप्रिल

आत्या,

आई आली. खरंच आईच आली, पेपरात. प्रश्न होता, 'सकाळच्या उजेडात काम करणारी व्यक्ती.' मी वाचलं आणि मला हसूच आलं, पर्यवेक्षिका बाई वळून बघायला लागल्या. सहलीला शेजारी घेऊन जावंसुद्धा लागलं नाही. पडदा, गाठ, बरणी, चाक, टाच, पुठ्ठा, सगळं आपल्या आपण येऊन बसलं. कबूतर बसवलं. शेवटी मान तेवढी वर केली आणि कळलं की बाजूचे सगळे अजून खोडत आहेत. गणित जसं जायचं तसं गेलं. पण चित्र असं आहे की त्यावर गणित तरून जाईल.

बाहेर बाबा उभे होते. त्यांनी मला लिंबू सरबत घेऊन दिलं, आणि सरबतवाल्याला आपण होऊन सांगितलं, "मुलगी आर्किटेक्चरला बसली आहे." सरबतवाल्याला काय त्याचं? पण मी ते ऐकलं आणि मला रडायला आलं.

तू नको म्हणाली होतीस तरी आम्ही तुझ्या गल्लीतून गेलो. वर आलो नाही. तुझी खिडकी बंद होती. बाबा कितीतरी वेळ जिन्याकडे बघत होते, मग म्हणाले, "या वयात एवढं चढते?" आणि चालायला लागले. फाटकातून तेवढ्यात एक मुलगी आत गेली, तिच्या काखेत ड्रॉइंग बोर्ड होता. मला वाटतं कॉलेजात पाहिली होती तिला, दुसऱ्या हॉलच्या रांगेत. मालकांची मुलगीही बसली होती का? तू बोलली नाहीस.

तुझी, फार म्हणजे फारच आनंदात असलेली,
टिचकी


६ मे

टिचके,

पत्र मिळालं. छान झालं. मालकांची मुलगी बसली होती खरी, माझ्या ध्यानात राहिलं नाही.

चाक कोणत्या बाजूला काढलंस? कबूतर कुठे बसवलंस, पाइपावरच ना? कळव.

आत्या


३१ मे

आत्या,

तू विचारलंस ते त्या वेळी मला कळलं नव्हतं आणि मी उत्तर देणंही विसरले. चाक उजवीकडेच काढलं. ते उजवीकडेच असतं.

मला कॉलेजने बोलावलं होतं. निकालाआधीच. बाबांनी रजा काढली. आम्हाला वाटलं मुलाखत असेल, आईने माझा ड्रेस रात्रीच इस्त्री करून ठेवला. आत गेलो तर प्राचार्य, दोन परीक्षक आणि ती फाटकातली मुलगी, तिच्या शेजारी तुझे मालक. टेबलावर दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली. दोन्हींत माझी आई होती.

एक माझं. दुसऱ्यात सगळं तेच, बरणी बिनझाकणाची, गाठ, पाइप, पुठ्ठा, फक्त आरशात बघावं तसं उलटं. उजवी चप्पल काढलेली. चाक डावीकडे. मी म्हटलं, ही माझी आई आहे. परीक्षक त्या मुलीकडे वळले, तर ती म्हणाली, आमच्या वर एक बाई भाड्याने राहतात, त्या शिवत बसतात, त्या या आहेत. आत्या, तुला तर सुईत दोरा ओवता येत नाही.

हॉल वेगळे होते, म्हणजे परीक्षेत नक्कल झालेली नाही, हे त्यांना मान्य आहे. मग दोघींपैकी एकीने चित्र दुसरीकडून आधीच पाठ करून आणलं, असं ते म्हणतात. मी चाकाचं सांगितलं. डावीकडे चाक असलेलं मशीन मला कुणी दाखवावं म्हटलं. एक परीक्षक म्हणाल्या, हे लक्षात घेण्यासारखं आहे, आणि वहीत लिहून घेतलं. मग म्हणाल्या, त्या वरच्या बाईंनाच बोलावून विचारू.

म्हणजे तुला. ६ जूनला बोलावतील.

मी सगळ्या वाटेत विचार केला. तू चित्रं परत पाठवली नव्हतीस, ती खोलीत असणार. रंगाच्या वेळी सामान जिन्यात होतं. तिने तेव्हा कागद काढून घेतले असणार आणि घाईत उलटे ठेवून गिरवले असणार. तू किल्ली खाली ठेवून जातेस, ती ठेवू नकोस. बाबा फार भडकले होते, मीच त्यांना म्हटलं की आत्याला बिचारीला याचा पत्ताही नसेल.

तुला फार काही बोलावं लागणार नाही. ती बाई कोण आहे, एवढंच सांग. माझी वहिनी आहे म्हण. आईने तुझे ब्लाउज कापून ठेवले आहेत, निकालाचं पत्र आलं की पहिली शिलाई घालीन म्हणते.

तुझी वाट बघते,
टिचकी


९ जून

टिचके,

कॉलेजचं पत्र तुमच्याकडे पोचलं असेल. माझ्याकडून ऐक, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

तिने काही चोरलं नाही. चित्रं मी दिली. मालक एप्रिलात वर आले, म्हणाले, मुलीचा क्लास लावला आहे पण तिला चित्र काढवत नाही, तुम्ही या कामातल्या, थोडं बघा, आणि खोलीचं मग आपण बघू. मी काय करायला हवं होतं? नाही म्हणून जिन्यावर बसायला हवं होतं? ती पोर वाईट नाही. तिच्या हाताला वळण नव्हतं, ते लावायला चांगला नमुना हवा होता. माझ्याकडे तुझाच होता. तुझ्याहून चांगला माझ्याकडे कधीच नव्हता.

मी निष्काळजीपणे दिला नाही. कागद मुद्दाम उलटा करून गिरवायला दिला. सगळं उलट झालं की दोन चित्रं कुणाच्या नजरेला सारखी वाटत नाहीत, ऑफिसात आम्ही एका घराची दोन घरं अशीच करायचो. घर उलटं चालतं. मशीन चालत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी कधी मशीनवर बसलेलीच नाही. तुझं पेपरानंतरचं पत्र वाचलं आणि चाक डोळ्यांसमोर आलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

मी गेले होते. मालक गाडीतून घेऊन गेले. परीक्षकांनी मला दोन्ही चित्रं दाखवली आणि विचारलं, खरं कुणाचं? मी म्हटलं, दोन्ही माझ्याच हाताखालच्या मुली आहेत, चित्र माझं आहे, दोघींना मीच गिरवायला दिलं. बाई कोण असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, मनातली आहे. चाकाचं विचारलं, तर म्हटलं, मला मशीनमधलं कळत नाही, एकीला मी चुकीचं सांगितलं असेल. मी तुझं नाव घेतलं नाही आणि तिचंही घेतलं नाही. कुणाचीच बाजू घेतली नाही. याहून सरळ मला काही सुचलं नाही.

त्यांनी दोन्ही चित्रं बाद केली. दोघींची. मला वाटलं, हे तरी समान झालं. तिचं गणित चांगलं निघालं, त्यावर ती आत गेली, त्याला माझा इलाज नव्हता. तू पुढच्या वर्षी बस. तुझा हात आता तयार आहे, तो कुणी काढून घेत नाही. दादाला मी समजावीन.

तुला राग येईल. पण माझ्या वयाची होऊन, एका खोलीकडे बघत बसून मग बोल. दादाच्या दारात कोणत्या तोंडाने आले असते? त्याने एकदा तरी ये म्हटलं का?

आत्या


१८ जून

आत्या,

हे शेवटचं पाकीट आहे, बाबांनी आणलेल्यांतलं.

मी चष्मेवाल्यांकडे जाते. सोमवारपासून. फ्रेम पुसायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवायच्या आणि छान दिसते म्हणायचं. पुढच्या वर्षी बस म्हणतेस, पण पुढचं वर्ष आमच्या घरात नाही हे तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. बाबा रोजच्यासारखे ऑफिसला जातात. सरबतवाल्याला सांगितलं होतं म्हणून त्यांना किती लागलं असेल, याचाच मी विचार करते. बाबांना तू काय समजावणार आहेस? मी तुझ्याकडून शिकले होते आणि चित्र माझंच होतं, हे सांगायची एक वेळ होती. त्या वेळी तू टेबलापाशी बसलेली होतीस.

तुझं पत्र मी वाचून कपाटावर ठेवलं होतं. आईने ते घेतलं आणि मशीनवर बसून वाचलं. तिला वाचायला वेळ लागतो. मग तिने एवढंच विचारलं, "बाई कोण असं त्यांनी विचारलं, आणि ही कुणी नाही म्हणाली?"

मी हो म्हटलं.

"मशीनवर कापड तिचंच होतं ना?" म्हणाली.

मला खूप काही बोलायचं होतं. मी तुझ्यावर ओरडायला पत्र लिहायला बसले होते, तीन कागद फाडले. आईच्या त्या वाक्याच्या पुढे मला जाता येत नाही. तू म्हणायचीस, ट्रेसर एकही रेघ गाळत नाही. तू माझी आख्खी आई गाळलीस.

बाबांनी ये म्हटलं नाही हे खरं. त्या दिवशी तुझ्या जिन्याकडे बघून आल्यावर त्यांनी खाट ठरवली होती. निकाल लागला की टिचकीला तिकडे हॉस्टेलवर पाठवू आणि तिला इकडे घेऊन येऊ, असं आईला म्हणाले होते, आणि आधी सांगू नका, ती उगाच आढेवेढे घेईल, असंही. खाटवाल्याला आता नको म्हणून कळवलं आहे. खोली तुला लखलाभ. मोरी गळत नाही, ते बरं झालं.

तुझे दोन्ही ब्लाउज या पाकिटाबरोबर वेगळ्या पुडक्यात पाठवले आहेत. मी आईला म्हटलं, टाकून दे. ती म्हणाली, बेतलेलं कापड मी टाकत नाही, आणि दोन दिवसांत पूर्ण केले. बाही कोपराच्या वर आहे, सैल आहे. पुढच्या वेळी माप दुसरीकडे दे. उरलेला ट्रेसिंग पेपर पुडक्याला गुंडाळला आहे, तो कोरा आहे.

ब्लाउज मिळाले की उलटे करून खिडकीत धर आणि मागून बघ. आईच्या शिलाईत काही सापडणार नाही.

टिचकी